रोपामागे अकरा

नफासाहेबांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. तीन वर्षांपूर्वी शेतकऱ्यांच्या एका मेळाव्यात त्यांना बोलायला उभं केलं. विषय होता 'थोड्या जागेत चोख नफा'. दहा मिनिटं दिली होती, हे चाळीस मिनिटं बोलले. पिशवी कितीला, माती कितीला, खत कितीला, पट्टी कितीला, सगळं तोंडपाठ. शेवटी हात वर करून म्हणाले, "एका रोपाला खर्च एकोणीस, विक्री तीस. रोपामागे अकरा सुटतात, अकरा!" टाळ्या पडल्या. त्या दिवशी गावाने त्यांचं नामकरण केलं, नफासाहेब. लोक चिडवायचं म्हणून म्हणत, आणि हे पदवी मिळाल्यासारखे मान डोलावत.

रोपं गुलाबाची. घरामागे अर्धा एकर जागेवर हिरवं जाळीचं छप्पर, त्याखाली काळ्या पिशव्यांच्या रांगा. प्रत्येक पिशवीत जंगली गुलाबाचा खुंट लावायचा, तो बोटाएवढा झाला की त्याच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या गुलाबाचा एक डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, अलगद काढून त्या चिरेत बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. सांगायला सोपं आहे. डोळा जरा खोल कापला तर चिरेत बसत नाही, जरा उथळ कापला तर वाळतो. दुसऱ्यांचे शंभरात सत्तर जगत. इथले ब्याण्णव जगत, कारण ते थोरली बसवत असे.

थोरली म्हणजे नफासाहेबांची बायको. दोन भावांतल्या थोरल्याची, म्हणून थोरली. बावीस वर्षं ती त्या जाळीखाली एका पोत्यावर मांडी घालून बसत आली होती. मेळाव्यातल्या भाषणात तिचा उल्लेख एकदाच आला होता, आणि तोही चांगला होता: "आमच्याकडे बाहेरचा हात लागत नाही, घरच्या घरीच होतं सगळं." हे वाक्य ऐकून तिची मान ताठ झाली होती. ज्यांना मजूर लावावे लागतात ते आळशी, अशी तिची साधी समजूत होती. आणि ती आळशी नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी धाकटा भाऊ आणि त्याची बायको शहरातून आले. धाकटा एका कारखान्यात भांडारपाल होता. अठरा वर्षं स्क्रू, नट आणि ग्रीसचे डबे मोजून त्याचा जीव विटला होता. त्याने ठरवलं होतं की नोकरी सोडायची, फंडाचे पैसे काढायचे आणि दादाच्या शेजारचा पडीक तुकडा घेऊन तिथे असंच जाळीचं छप्पर उभं करायचं. राजीनामा टाइप करून पिशवीत घालूनच तो आला होता. सोमवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवायचा, एवढंच बाकी होतं.

"एकदा डोळ्यांनी बघून घेतो म्हटलं," तो बूट काढता काढता म्हणाला.

"बघ की! लपवण्यासारखं काय आहे?" नफासाहेब म्हणाले, आणि पाणीही न पिऊ देता त्याला मागे घेऊन गेले.

थोरलीला कोण आनंद झाला होता. दोन्ही पोरं आपापल्या संसाराला लागली होती, घरात बोलायला माणूस नव्हतं. नफासाहेब बोलत, पण ते आकड्यांत. धाकटीशी तिचं पहिल्यापासून जमायचं. जावाजावांत सहसा जे विळ्याभोपळ्याचं सख्य असतं ते इथे नव्हतंच. ती शेजारी राहायला आली तर दुपारचा चहा दोघींचा होईल, डोळे बसवताना गप्पा होतील, दुखलंखुपलं तर हाक मारायला कुणी असेल. महिनाभर थोरली मनात मांडे खात होती. पडीक तुकड्यावर त्यांचं स्वयंपाकघर कोणत्या बाजूला असावं, इथपर्यंत तिचं ठरलं होतं.

धाकटी मात्र गप्प गप्प होती. ती शहरात घरीच मशीनवर शाळांचे गणवेश शिवायची, नगावर. कॉलर एवढ्याला, बाही एवढ्याला, काज एवढ्याला. नोकरी सुटली की शहर सुटणार, शहर सुटलं की तिचं कामही सुटणार. रात्री भांडी पुसताना ती बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. पाणी कसं आहे, साप निघतात का, दवाखाना किती लांब.

थोरली शेवटी हसली. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? विचार काय विचारायचं ते."

"ताई, खरं सांगा. सुटतं का हो यात?"

"अगं, अकरा सुटतात की रोपामागे! वर्षाला सहा हजार रोपं जातात. तूच गुण."

"तुमच्या हातात येतात?"

"ह्यांच्या हातात येतात. घरात येतात म्हणजे झालं ना?" थोरली म्हणाली. "उद्या बस माझ्याबरोबर. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

शनिवारी सकाळी दोघी जाळीखाली बसल्या. थोरलीने तिला आधी खुंटाचे काटे काढायला दिले, मग चीर कशी द्यायची ते दाखवलं. धाकटीचा हात शिवणकामाने तयार होता, तरी पहिले पाच डोळे फुकट गेले. सहावा बसला. "जमेल तुला," थोरली खूश होऊन म्हणाली, "दोन वर्षांत माझ्या पुढे जाशील."

काम करता करता धाकटी विचारत होती. पिशव्या कोण भरतं? थोरली. खुंट कोण लावतं? थोरली. तीन आठवड्यांनी पट्ट्या कोण सोडतं, वरचा शेंडा कोण छाटतं, खालून फुटणारे जंगली फुटवे कोण काढतं? हे सगळं रोजच्या रोज बघावं लागतं, त्यामुळे थोरलीच. पाणी? सकाळ-संध्याकाळ, पाच महिने. तण? ते येता-जाता.

"आणि मोठे भाऊजी?"

"ते माती आणतात, खत आणतात, टेम्पो ठरवतात, व्यापाऱ्याशी बोलतात. हिशेब लिहितात. वही बघायचीय? बघच. आमच्यासारखी वही कुणाकडे नसेल."

थोरलीने स्वतः उठून, हात धुऊन ती वही आणली. खरंच देखणी वही होती. लाल रेघा मारलेली, प्रत्येक महिन्याला एक पान. पट्टीचं रीळ, फवारणीचं औषध, टेम्पोवाल्याला दिलेला चहासुद्धा लिहिलेला. मजुरी या रकान्यात मात्र पानोपानी आडवी रेघ. थोरलीने त्या रेघेवर बोट ठेवून दाखवलं, "बघ, एक पैसा नाही."

धाकटी पानं उलटत होती. मागच्या वर्षीच्या एका पानावर ती थांबली.

"हे काय? 'कारागीर, सहाशे डोळे, दर तीन.' आणि पुढे कंसात लिहिलंय, 'आकस्मिक खर्च'."

"ते होय! लेकीच्या बाळंतपणाला गेले होते ना मी, नऊ दिवस. खुंट ऐन भरात आलेले. मग बाहेरून माणूस बोलावला. मेल्याने दोनशे डोळे वाळवले."

"आणि हे? 'पाणी व तण, बाई, नऊ दिवस'?"

"तेच ते."

धाकटीने वही मांडीवर ठेवली. तिच्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये असतो तसाच एक छोटा खडू तिच्या बटव्यात असायचा. तो काढून ती रिकाम्या काळ्या पिशवीवर आकडे लिहू लागली. नगावर काम करणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. डोळा बसवायचे तीन, ते तर वहीतच होते. पिशवी भरून खुंट लावायचे दोन. पट्टी सोडणं, छाटणं, फुटवे काढणं, त्याचे दोन. पाणी आणि तण पाच महिने, त्या नऊ दिवसांच्या बाईच्या दराने, रोपामागे साडेपाच.

"साडेबारा होतात, ताई."

"कसले साडेबारा?"

"तुमचे. एका रोपाला तुमची मजुरी साडेबारा होते. आणि सुटतात अकरा." ती जरा थांबली, कारण थोरलीच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नव्हतं. "तुम्ही लेकीकडे होतात तेव्हा याच कामाला पैसे पडले. तुम्ही इथे असता तेव्हा तेच काम फुकट होतं. घोडं पेंड खातंय ते इथे."

थोरलीला राग आला. असा आला की पुन्हा हातात घेतलेला चाकू तिने खाली ठेवला. "तू राहायला येणार आहेस की आमच्या घरात खोट काढायला? घरच्या कामाची कुणी मजुरी धरतं का? उद्या म्हणशील, पोरांना वाढवलं त्याचं बिल लाव."

"मी काही म्हणत नाही, ताई," धाकटी म्हणाली, "पण मला इथे आल्यावर हेच करायचंय. माझ्या घरातले शिवणाचे पैसे जातील, ह्यांचा पगार जाईल, आणि मी दिवसभर बसून रोपामागे दीड तोटा करीन. मला आधी कळायला नको?"

थोरली उठून पाणी घालायला निघून गेली. पाइप हातात धरून ती एकेका रांगेतून फिरत होती. राग हळूहळू उतरला आणि आकडे तेवढे राहिले. तिला गणित येत नव्हतं असं नाही. ते या बाजूने कधी मांडलंच नव्हतं, एवढंच. सहा हजार रोपं, बावीस वर्षं. मजूर रोज कामावर येतो आणि संध्याकाळी मजुरी घेऊन जातो. आपण रोज कामावर आलो आणि जाताना आपल्याच मजुरीतले दीड मागे ठेवून गेलो. तिला हसू आलं, आणि मग पाइप एकाच पिशवीत बराच वेळ वाहत राहिला तरी तिच्या लक्षात आलं नाही.

वाईट तिला मजुरीचं वाटलं नाही. निदान आधी तरी नाही. वाईट वाटलं ते याचं, की हे खरं सांगितलं तर धाकटी येणार नाही. दुपारचा चहा, गप्पा, हाक मारायला माणूस, सगळं गेलं. आणि न सांगितलं तर ती येईल, शेजारी पोत्यावर बसेल, आणि बावीस वर्षांनी तिचेही गुडघे असेच वाजतील. शिवाय नवऱ्याचं काय? सख्ख्या भावासमोर त्यांचं पितळ उघडं पाडायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिची आई म्हणायची. पण आईच्या मुठीवर कुणी नोकरी सोडून येणार नव्हतं.

धाकटी पाठीमागे येऊन उभी राहिली. "मी ह्यांना सांगितलं तर म्हणतील, हिला शहर सोडवत नाही म्हणून कारणं काढते. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

"बघू," थोरली म्हणाली.

रविवारी दुपारी जेवणं झाली. चारची बस होती. धाकट्याने पिशवीतून तो कागद काढला आणि दादाला दाखवला. नफासाहेबांनी चष्मा लावून तो वाचला, एका ठिकाणी 'कृपया' शब्द वाढवायला सांगितलं आणि परत दिला. "छान. तीन वर्षांत फंड दुप्पट करून दाखवतो तुला. रोपामागे अकरा, डोळे मिटून."

"भाऊजी, तो कागद देऊ नका," थोरली म्हणाली.

नफासाहेब हसले. "हिला वाटतं गिऱ्हाईक वाटलं जाईल. अगं, मागणी एवढी आहे की—"

"मागणीचं नाही. अहो, मी उद्यापासून बसले नाही, तर माझ्या जागी कोण बसेल?"

"का? बसणार नाहीस म्हणजे? बरं नाही का तुला?"

"बरी आहे मी. नुसतं विचारते. कोण बसेल आणि काय दराने?"

तर नफासाहेबांचा एक गुण होता, आणि या वेळी तोच त्यांच्या मुळावर आला. दर विचारला की त्यांना उत्तर दिल्यावाचून राहवत नसे. "डोळ्याचे तीन घेतो तो कारागीर," ते म्हणाले, "पिशवी भरायचे दोन. छाटणी-सोडणीचे दोन धर. पाणी आणि तण..." ते छताकडे बघून पुटपुटले, "साडेपाच. म्हणजे साडेबारा."

"खर्च एकोणीस आणि हे साडेबारा."

"साडेएकतीस," नफासाहेब म्हणाले. विक्री तर तीसला होती.

धाकटा एकदा भावाकडे, एकदा वहिनीकडे बघत होता.

"पण तू बसतेस ना!" नफासाहेबांचा आवाज चढला. "घरच्या बाईला कसली मजुरी? मी तरी कुठे घेतो? माझे हेलपाटे, माझं खतमाती वाहणं, ते कुठे धरलंय?" आणि बोलता बोलताच त्यांना कळलं की ते धरलं तर तोटा आणखी वाढतो. त्यांनी चष्मा काढला. "मग इतकी वर्षं आपण खाल्लं काय?"

"आपलीच मजुरी खाल्ली," थोरली म्हणाली. "तीही पुरती नाही. आणि तिला नफा म्हणत आलो. मीसुद्धा म्हणत होते. मला काल कळलं."

"माझ्या भावासमोर सांगायचं होतं हे?"

"भावासाठीच सांगितलं. भाऊजी नोकरी सोडताहेत तुमच्या अकरावर. मला काय, ही दोघं शेजारी यायला हवीच होती." हे म्हणताना ती धाकटीकडे वळली. "माझ्याइतकी गरज कुणाला नाही. पण हिला त्या पोत्यावर बसवायला मी बोलावणार नाही."

धाकट्याने कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली. "दादा, मी अजून थोडे दिवस..." तो म्हणाला आणि पुढचं त्याला सुचेना. त्याचा चेहरा असा उतरला होता की थोरलीला त्याच्याकडे बघवेना. अठरा वर्षं स्क्रू मोजणाऱ्या माणसाची एकुलती एक खिडकी तिने लावून घेतली होती. चारच्या बसला ती दोघांना सोडायला गेली. धाकटीने बस सुटेपर्यंत तिचा हात धरून ठेवला. नफासाहेब घरीच थांबले.

दोन दिवस नवरा-बायकोत फक्त 'चहा' आणि 'ठेव तिथे' एवढेच शब्द झाले. थोरली नेहमीप्रमाणे काम करत राहिली, कारण खुंट कुणाच्या रागासाठी थांबत नाहीत. नफासाहेब वही घेऊन बसत आणि काहीच न लिहिता उठत.

बुधवारी व्यापारी आला. दरवर्षी तो एकगठ्ठा दोन हजार रोपांची मागणी नोंदवून जाई. खुर्चीवर बसून त्याने पाय पसरले. "मग, तीसनेच ना?"

"चौतीस," नफासाहेब म्हणाले.

व्यापाऱ्याने पाय आवरले. "एकदम चार? का हो?"

"मजुरी लागते."

"तुम्हाला कसली मजुरी?" व्यापारी मोठ्याने हसला. "तुम्हीच तर भाषणात सांगता, बाहेरचा हात लागत नाही. कधी ठेवलात मजूर?"

जाळीखाली थोरलीचा हात थांबला. नफासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते व्यापाऱ्याच्या बुटांकडे बघत होते.

"बावीस वर्षं झाली," ते म्हणाले. "लिहायचं राहिलं होतं."

व्यापाऱ्याला यातलं काही कळलं नाही, आणि त्याला कळून घ्यायचंही नव्हतं. त्याने बरीच घासाघीस केली, पलीकडच्या वाडीत तीसला हवी तेवढी रोपं मिळतात असं सुनावलं, आणि ते खोटं नव्हतं. पलीकडच्या वाडीतही कुणीतरी पोत्यावर बसलेलं होतंच. शेवटी त्याने पाचशे रोपं चौतीसने घेतली, कारण इथले डोळे जगतात हे त्याला माहीत होतं. बाकीची दीड हजार त्याने घेतली नाहीत. इसाऱ्याचे पैसे ठेवून तो निघून गेला.

नफासाहेब उठून जाळीखाली आले. "पाचशेच गेली," ते म्हणाले. "बाकीच्या खुंटांचं काय करायचं?"

"मला माहीत नाही," थोरली म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. भीती वाटत होती आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटत होतं, की दोन्ही एकदम कसं होतं ते तिला समजेना. "पण आज मी पाचला काम सोडून उठणार."

पाच वाजता ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. अजून चांगलं ऊन होतं. ती हातपाय धुऊन, चहा घेऊन आली तेव्हा नफासाहेब तिच्या पोत्यावर बसले होते. चष्मा नाकावर, चाकू वाकडा धरलेला, आणि समोर एक खुंट, ज्याची साल त्यांनी पार सोलून काढली होती. दुसऱ्या खुंटावर डोळा बसला होता, पण उलटा.

"एका तासात तू किती बसवतेस गं?" त्यांनी विचारलं.

खताच्या पोत्यापासून टेम्पोच्या डिझेलपर्यंत जगातले सगळे आकडे या माणसाला पाठ होते. हा त्याने बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारला होता.

"चाळीस," ती म्हणाली.

नफासाहेबांनी तिसरा खुंट पुढे ओढला. चाकू कसा धरायचा हे त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. पलीकडच्या दगडावर बसून आपला चहा संपेपर्यंत ती त्यांच्याकडे बघत राहिली.